गावात बालवाडी एकच होती : मराठी संपादकांना खुले पत्र

मराठी वृत्तवाहिन्या, वृत्तपत्रे आणि वृत्तसंकेतस्थळांच्या सन्माननीय संपादकांस,

स. न. वि. वि.

२ ऑगस्ट २०२५ रोजी बेंगळुरूच्या विशेष न्यायालयाने हासनचा माजी खासदार प्रज्वल रेवण्णा याला बलात्काराच्या गुन्ह्यात जन्मठेपेची शिक्षा सुनावली. त्यानंतरचे दोन दिवस मी तुमच्यापैकी चार वाहिन्या आलटून पालटून पाहत होते. माजी पंतप्रधानांचा नातू, न्यायालयात ढसाढसा रडला, तुरुंगातली पहिली रात्र कशी गेली, कैदी क्रमांक कोणता मिळाला, हे सारे मला पाठ झाले. ज्या स्त्रीच्या तक्रारीवर हा निकाल लागला तिला ११ लाखांहून अधिक रक्कम भरपाई म्हणून द्यावी, असाही आदेश त्याच न्यायालयाने त्याच दिवशी दिला होता. तो मात्र मला एका इंग्रजी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर सापडला. निकालाविरुद्ध वरच्या न्यायालयात जाण्याचा रेवण्णा याचा हक्क मला मान्य आहे आणि तिथे काय व्हायचे ते होईल. मला लिहायचे आहे ते आपल्याविषयी, म्हणजे बातमी देणाऱ्यांविषयी आणि ती पाहणाऱ्यांविषयी.

तुम्हाला सल्ला देण्याआधी माझ्या हातून घडलेली चूक सांगितली पाहिजे. मी एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत २२ वर्षे उपसंपादक होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका रात्री तालुक्याच्या बातमीदाराकडून बातमी आली. एका राजकीय पक्षाच्या पदाधिकाऱ्याने बालवाडीच्या शिक्षिकेचा विनयभंग केल्याची तक्रार पोलिसांत दाखल झाली होती. पान सोडायला पाऊण तास उरला होता. मी तिचे नाव काढले, वय काढले आणि कायदा पाळल्याचे समाधान मानले. अब्रुनुकसानीचा दावा नको म्हणून त्या पदाधिकाऱ्याचेही नाव काढले आणि त्याच्या जागी ‘एका राजकीय पदाधिकाऱ्याने’ असे लिहिले. गावाचे नाव ठेवले, कारण गावाशिवाय बातमी अधांतरी वाटते. ‘बालवाडी शिक्षिका’ हेही ठेवले, कारण मथळ्यात ते नेमके बसत होते.

तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ कार्यालयात आला. तो आवाज चढवेल, तोडफोड करेल असे शिपायाला वाटले असावे, कारण तो दारातच उभा राहिला. भावाने खिशातून कात्रण काढले, चार घड्या उलगडून माझ्या टेबलावर ठेवले आणि हाताने सपाट केले. “ताई, नाव नाही टाकलंत, ते बरं केलंत. पण आमच्या गावात बालवाडी एकच आहे.” एवढेच म्हणून तो उभा राहिला. मी त्याला बसा म्हटले, तो बसला नाही. पुढच्या महिन्यात ती तक्रार मागे घेतली गेली. त्या तालुक्यात राजकीय पदाधिकारी मात्र पन्नास-साठ तरी होते, त्यामुळे आमच्या बातमीतून तो कोण हे कोणालाही कळले नाही. आम्ही दोघांचीही नावे काढली होती. झाकला गेला तो एकटा. ते कात्रण मी ठेवून घेतले आणि ते आजही माझ्याकडे आहे.

एप्रिल २०२४ मध्ये हासनच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा मला ते कात्रण आठवत राहिले. २६ एप्रिलला तिथे लोकसभेचे मतदान होते आणि त्याच्या काही दिवस आधी जिल्ह्यात पेन ड्राइव्ह वाटले गेले. सुमारे २९०० चित्रफिती आणि छायाचित्रे असल्याचे सांगितले जाऊ लागले आणि त्यांतल्या स्त्रियांचे चेहरे झाकलेले नव्हते. मतदान होताच खासदार जर्मनीला निघून गेला, राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, त्याच्या जनता दल (धर्मनिरपेक्ष) पक्षाने त्याला निलंबित केले, ३१ मे रोजी तो परतला तेव्हा महिला पोलिसांच्या तुकडीने त्याला विमानतळावर ताब्यात घेतले आणि ४ जूनला तो ४२ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाला. हा घटनाक्रम तुम्ही उत्तम सांगितला. तो ज्यावर देशाबाहेर गेला त्या राजनैतिक पासपोर्टचा प्रश्न तुम्ही लावून धरलात, आणि तो धरायलाच हवा होता.

पण त्या पाच-सहा आठवड्यांतल्या चर्चांचे विषय आठवून पाहा. भाजपने युतीत ही जागा सोडली कशी, काँग्रेसच्या राज्य सरकारने त्याला देशाबाहेर जाऊ दिलेच कसे, पेन ड्राइव्ह कोणी वाटले, त्याचे काका कुमारस्वामी काय म्हणाले आणि देवेगौडांनी नातवाला लिहिलेल्या पत्रातली भाषा किती कडक आहे, यावर रोज रात्री पाच-सहा चौकटींत पाच-सहा माणसे बोलत होती आणि त्यांतले बहुतेक पुरुष होते. प्रश्न चुकीचे नव्हते. मात्र प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कोणत्या तरी पक्षाच्या नफ्या-तोट्यात जाऊन संपत होते. ज्यांची आयुष्ये त्या पेन ड्राइव्हवर होती त्यांना आता संरक्षण कोण देणार, त्यांची वैद्यकीय आणि कायदेशीर मदत कोणाकडे, त्या चित्रफिती आंतरजालावरून काढून टाकण्याचे काम कोणते खाते करत आहे, हे एकाही प्रवक्त्याला खोदून विचारल्याचे मी पाहिले नाही.

आकड्यांचेही तसेच झाले. चित्रफितींची संख्या आणि स्त्रियांची संख्या यांची सरमिसळ होत राहिली. एका प्रचारसभेत ४०० स्त्रियांचा आकडा सांगितला गेला आणि तो पडद्याच्या खालच्या पट्टीवर दिवसभर फिरला. प्रत्यक्षात गुन्हे नोंदवले गेले ते चार. मग काही जणांनी या चारवर बोट ठेवून बाकी सारे राजकारण असल्याचा निष्कर्ष काढला, आणि तोही तुमच्या चर्चांमध्ये बिनविरोध बोलला गेला. चारच जणी का पुढे आल्या, याचे उत्तर हासनमधूनच येत होते. घरांना कुलपे लावून कुटुंबे दुसरीकडे निघून गेल्याच्या बातम्या होत्या. त्या खासदारासोबत एखाद्या कार्यक्रमात काढलेले साधे छायाचित्रही बायका फेसबुकवरून काढून टाकत असल्याच्या बातम्या होत्या. ज्या गावात एकीचा चेहरा सर्वांच्या फोनमध्ये पोहोचला आहे, तिथे दुसरी कोणत्या भरवशावर पोलीस ठाण्याची पायरी चढणार होती?

आपल्याला हे नवे नाही. १९९४ साली जळगावचे लैंगिक शोषण आणि ब्लॅकमेलचे प्रकरण बाहेर आले, त्यात राजकारण्यांची नावे घेतली गेली, राज्यभर रान उठले आणि तरीही अत्याचार झालेल्या अनेक जणी तक्रारीला पुढे आल्या नाहीत. तेव्हा मोबाइल नव्हते. ‘जळगावची मुलगी’ या दोन शब्दांवर स्थळे परत जात होती, हे आमच्या पिढीतल्या बायकांना चांगले आठवते. त्या काळात आपल्या वृत्तपत्रांनी छापलेले मथळे आज कोणी पुन्हा वाचले, तर त्यातला निम्मा उत्साह तपासासाठी नव्हता हे त्याला सहज दिसेल.

आता धूसर चेहऱ्याविषयी लिहिते, कारण या एका गोष्टीवर तुम्ही फार विसंबून असता. मे २०२४ मध्ये मी एका दवाखान्यात माझा नंबर येण्याची वाट पाहत बसले होते. भिंतीवरच्या टीव्हीवर एक वाहिनी त्या चित्रफितींमधली चार-पाच सेकंदांची चौकट पुन्हा पुन्हा दाखवत होती. चेहऱ्यावर चौकोनांची जाळी होती. मनगटातल्या बांगड्या दिसत होत्या, साडीचा काठ दिसत होता, मागच्या भिंतीचा रंग आणि खिडकीचे गज दिसत होते. निवेदक बोलत होता सव्वातीन मिनिटे, आणि तेवढ्या वेळात ती चौकट मी अकरा वेळा मोजली. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी पदर तोंडाला लावला आणि मान दुसरीकडे वळवली. शेजारणीला, नणंदेला, जाऊबाईला, रोज दूध घालणाऱ्याला एखादी बाई ओळखायला तिचा चेहरा लागत नाही. तिची बांगडी पुरते, उभे राहण्याची ढब पुरते. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकासाठी तुम्ही तिला अनोळखी केलेत, आणि ज्यांच्यात तिला उरलेले आयुष्य काढायचे आहे त्यांच्यासाठी ती ओळखू येईल अशीच ठेवलीत. त्या चौकटीने बातमीत कोणती माहिती वाढली होती, ते एका तरी संपादकाने मला समजावून सांगावे.

याच खटल्यात एका साडीला मोठे महत्त्व आले. त्या साडीवर सापडलेला डीएनए आरोपीशी जुळला आणि न्यायालयाने तो पुरावा म्हणून विचारात घेतला. न्यायालयात ती साडी मोहोरबंद पाकिटातून आली, तिची नोंद झाली आणि ती कोणी हाताळली याचा हिशेब राहिला. आपण चित्रफिती हाताळल्या त्याचा हिशेब कोणाकडे आहे?

हा प्रश्न फक्त तुम्हालाच विचारणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझ्या शाळेच्या वर्गमित्रांचा व्हॉट्सअॅप गट आहे. साठी ओलांडलेली आम्ही सारी माणसे, नातवंडांचे फोटो आणि आषाढीच्या शुभेच्छा पाठवणारी. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिथे एकाने विचारले, “हासनचं आहे का कोणाकडे?” दहा मिनिटांत ते आले. मी उघडले नाही, गटप्रमुखाला फोन केला आणि ते काढायला लावले. पाठवणाऱ्याने मला नंतर सांगितले, “अगं, मी फक्त फॉरवर्ड केलं.” तो निवृत्त शिक्षक आहे, सज्जन माणूस आहे, आणि दोन मुलींचा बाप आहे. अशी चित्रफीत पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, हे त्याला ठाऊक नव्हते. कर्नाटकच्या तपास पथकाने तसा जाहीर इशारा तेव्हा दिलाही होता. तो इशारा मराठी प्रेक्षकाच्या कानावर किती वेळा पडला, आणि ‘व्हायरल व्हिडिओत नेमके काय’ हा मथळा त्याच्या डोळ्यांपुढून किती वेळा गेला, याची तुलना तुमच्या स्वतःच्या नोंदींवरून तुम्हीच करावी. ‘नेमके काय’ असे विचारून उत्तर न देणारी बातमी माणसाला शोधायला पाठवते. माझा वर्गमित्र शोधायला गेला, तो अशाच एखाद्या मथळ्यावरून गेला असावा असा मला दाट संशय आहे.

आरोप राजकारण्यावर असला की तक्रार करणाऱ्या बाईची तपासणी आधी सुरू होते. २८ मे २०२३ रोजी दिल्लीत आंदोलक महिला कुस्तीगिरांना पोलिसांनी ताब्यात घेतले, तेव्हा पोलिसांच्या गाडीतल्या त्यांच्या छायाचित्रात तंत्राच्या मदतीने चेहऱ्यांवर हसू चिकटवले गेले आणि ‘बघा, सगळे नाटक आहे’ म्हणून ते देशभर फिरवले गेले. मूळ छायाचित्रात कोणीही हसत नव्हते. भारतीय कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष आणि खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावरच्या लैंगिक छळाच्या आरोपांचा निवाडा न्यायालयाचा विषय आहे, माझा नाही. पण त्या छायाचित्राचा निवाडा कोणत्याही वृत्तकक्षात दहा मिनिटांत करता आला असता.

‘इतकी वर्षे गप्प का होती’ हा दुसरा नेहमीचा प्रश्न. २०१८ साली पत्रकार प्रिया रमानी यांनी तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला तेव्हा तो विचारला गेला. अकबर यांना मंत्रिपद सोडावे लागले, त्यांनी फौजदारी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने रमानी यांना निर्दोष ठरवताना स्पष्ट सांगितले की स्त्रीला आपली तक्रार अनेक वर्षांनंतरही मांडण्याचा अधिकार आहे. हा निकाल येऊन इतका काळ लोटला, तरी हासनच्या वेळी तोच प्रश्न चर्चेत नव्याने टाकला जात होता आणि निवेदक ‘हा मुद्दा आहे’ म्हणून मान डोलवत होते.

मी खुले पत्रच का लिहिते आहे, तेही सांगते. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिने विरोध केला नव्हता, असा तो तर्क होता. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्रानंतर देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली फौजदारी कायदा बदलला. पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम २२८अ त्याच दुरुस्तीने आले. आज तेच कलम भारतीय न्याय संहितेत ७२ क्रमांकाने आहे. तो खटला मात्र आजही देशभर त्या मुलीच्या नावानेच ओळखला जातो. पाठ्यपुस्तकांत, भाषणांत, लेखांत. जिच्यामुळे हे संरक्षण इतरांना मिळाले तिला ते कधीच मिळाले नाही. मी ते नाव येथे लिहीत नाही.

कायदा नावापुरता थांबत नाही, हेही आता वादातीत आहे. डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की छापील, दृकश्राव्य किंवा समाजमाध्यमांतून पीडितेचे नाव तर नाहीच, पण दूरान्वयानेही तिची ओळख पटेल अशी कोणतीही माहिती प्रसिद्ध करता येणार नाही. बालवाडी एकच असलेल्या गावाचे नाव ही अशी माहिती आहे. ‘अमक्या शेतघरावर काम करणारी’, ‘तमक्या पदाधिकाऱ्याची नातेवाईक’, ‘या वयाची, या जातीची, इतक्या मुलांची आई’ हीसुद्धा अशीच माहिती आहे. यातला एकेक तपशील वेगवेगळ्या वाहिन्यांवर निरुपद्रवी वाटतो, पण पाहणारा एका दुपारी चारही वाहिन्या पाहतो आणि कोडे जुळवतो.

म्हणून माझी पहिली विनंती डेस्कपुरती आहे. अशी प्रत्येक बातमी जाण्यापूर्वी ती एका माणसाने पीडितेच्या गावातल्या चावडीवर बसून वाचल्यासारखी वाचावी आणि त्या गावाला जे कळेल ते काढावे, मग मथळा कितीही पोकळ वाटला तरी चालेल. हे काम रात्री अकरा वाजता शिकाऊ उपसंपादकाच्या गळ्यात पडू नये. माझ्या गळ्यात पडले तेव्हा मी शिकाऊ नव्हते, तरी चुकले.

मूळ चित्रफितीतली कोणतीही चौकट, जाळी टाकूनही, दाखवू नये. आरोपीचे संग्रहातले चित्रण, न्यायालयाची इमारत, कोरा पडदा, काहीही चालेल. यूट्यूबवरच्या तुमच्या जुन्या बातम्या अजून तिथेच आहेत, त्यांतल्या अशा चौकटी शोधून काढून टाकाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याने एकही प्रेक्षक वाढणार नाही, तरी ते करावे. समाजमाध्यम कंपन्यांसाठी २०२१ च्या नियमांनी असा मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत हटवण्याचे बंधन घातले होते. एखाद्या बाईला ही तक्रार नेमकी कुठे आणि कशी करायची, तिच्या वतीने दुसऱ्या कोणाला ती करता येते का (येते), हे तुम्ही तुमच्या बातमीखाली दोन ओळींत सांगू शकता. अशा दोन ओळी मी आजवर एकाही मराठी बातमीखाली पाहिल्या नाहीत.

आरोपीच्या बाबतीत मी सूडाची मागणी करत नाही. निकाल लागेपर्यंत तो आरोपीच आहे, आणि त्याची बाजू त्याच्या शब्दांत आली पाहिजे. उद्या एखादा निर्दोष सुटला तर ती बातमी आरोपाच्या बातमीइतक्याच मोठ्या अक्षरांत यावी. पण पदावरचा माणूस असेल आणि गुन्हा नोंदला गेला असेल, तर ‘एक बडा नेता’ म्हणून त्याला लपवू नये. खटला चालू राहिला तर तुम्हीही त्याच्यासोबत चालावे. रेवण्णा याच्या या खटल्यात २६ साक्षीदार तपासले गेले. त्या काळात मराठीत या सुनावणीच्या किती बातम्या आल्या, ते मी शोधायचा प्रयत्न केला. निवडणुकीपूर्वीच्या एका दिवसात जेवढ्या आल्या होत्या, तेवढ्या मला त्या साऱ्या महिन्यांत मिळून सापडल्या नाहीत.

न्यायालयात उभी राहून, एका माजी पंतप्रधानांच्या घराण्याविरुद्ध, घरकाम करणाऱ्या त्या बाईने साक्ष दिली आणि ती उलटतपासणीत टिकली. ही बातमी तिची ओळख उघड न करता पूर्ण लिहिता आली असती. अजूनही येईल.

हे पत्र मिळाल्यावर तुमच्यापैकी प्रत्येकाने मला एवढेच कळवावे की तुमच्या वृत्तकक्षात अशा बातम्यांची अखेरची तपासणी सध्या कोण करते, आणि त्या व्यक्तीला बातमी थांबवण्याचा अधिकार आहे की नाही. उत्तर प्रसिद्ध केले नाही तरी चालेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एक निवृत्त उपसंपादक